चौघांच्या पासिंगसाठी नवा पॅटर्न : दोन्ही कर्ण एकाच मात्रेवर

जगलिंगसाठी चौघांनी चौकोनात आत तोंड करून उभे राहायचे, १२ क्लब (फेकून झेलायची बाटलीच्या आकाराची दांडकी) खेळवायचे आणि प्रत्येकाने टू-काउंटमध्ये, म्हणजे एकाआड एक मात्रेवर, उजव्या हाताने पास द्यायचा, म्हणजे क्लब दुसऱ्याकडे फेकायचा, एवढी चौकट कायम ठेवून आमचा गट सध्या नवे पॅटर्न शोधतो आहे. त्यातला एक आता न अडखळता चालू लागला आहे, म्हणून त्याची बांधणी तपशीलवार नोंदवत आहे.

साइटस्वॅप ही अंकलेखनाची पद्धत १९८० च्या दशकात सांताक्रूझ, कॅलटेक आणि केंब्रिज येथील जगलरांनी स्वतंत्रपणे शोधली. फेकलेला क्लब किती मात्रांनी पुन्हा फेकला जाईल, हे ती सांगते. तो कोणाकडे जाईल, हे गटात वेगळे ठरवावे लागते. सर्व पास आणि सेल्फ (स्वतःच्याच दुसऱ्या हाताकडच्या फेकी) सिंगलच, म्हणजे हवेत एकच फेरा घेणारे, ठेवले, तर एकच अट उरते : प्रत्येक मात्रेवर निघालेल्या क्लबांपैकी नेमका एक प्रत्येकाच्या वाट्याला आला पाहिजे. चौघेही पास देत असतील, तर ही अट पाळणाऱ्या नऊच मांडण्या निघतात. तीन मांडण्यांत जोड्या आपसात देवाणघेवाण करतात, आणि ती आपल्या सर्वांच्या हातात बसलेली आहे. उरलेल्या सहा साखळ्या आहेत, म्हणजे त्यांत पास एकाकडून दुसऱ्याकडे असे चौघांतून फिरून पहिल्याकडे येतात. त्यांपैकी दोन चौकोनाच्या कडेने फिरतात. बाकीच्या चारांत दोन समोरासमोरच्या बाजू आणि दोन्ही कर्ण एकाच वेळी वापरले जातात. माझ्या मते खरा खजिना या चारांतच आहे.

अडचण मध्यभागी येते. उजव्या हातातून निघालेला क्लब समोरच्याच्या डाव्या हातात जातो, त्यामुळे कर्णावरचे दोन मार्ग केंद्राच्या किंचित बाजूला एकमेकांना छेदतात. तिथे एक क्लब दुसऱ्याच्या जेमतेम अर्धा मीटर पुढे असतो, आणि क्लबची लांबीच साधारण ५२ सेंटिमीटर असते. साहजिकच मुठी आणि बुडे एकमेकांवर आदळतात.

यावर आम्ही अर्ली डबल, म्हणजे हवेत दोन फेरे घेणारा आगाऊ पास, वापरला. कर्णावर पास देणाऱ्या दोघांपैकी एकाने आपला पास एक मात्रा आधी, डाव्या हाताने, डबल म्हणून तिरका समोरच्याच्या डाव्या हातात द्यायचा आणि पासच्या मात्रेवर उजव्या हातातला क्लब धरून ठेवायचा. क्लब पोहोचण्याची वेळ तीच राहते, मात्र तो पुरेसा उंचावरून जातो आणि खालून दुसऱ्याचा सिंगल मोकळा निघतो.

डबलची जबाबदारी एकाच खेळाडूवर पडू नये, म्हणून चारही साखळ्या ओळीने गुंफल्या आणि आठ मात्रांचे आवर्तन तयार झाले. प्रत्येकाचे पास याच क्रमाने जातात : समोर डबल, उजवीकडच्याला सिंगल, डावीकडच्याला सिंगल, समोर सिंगल. आपल्या उजवीकडचा खेळाडू हाच क्रम आपल्यानंतर दोन मात्रांनी सुरू करतो. चौघांचा क्रम एकच असल्यामुळे जागा बदलली तरी नव्याने काही शिकावे लागत नाही, आणि हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

सरावात सर्वांत जास्त लक्ष आवर्तनाच्या सांध्यावर द्यावे लागते. उजव्या हाताचा समोरचा सिंगल निघतो, लगेच पुढच्या मात्रेवर डाव्या हाताचा डबल त्याच खेळाडूकडे जातो, आणि मग होल्ड, म्हणजे क्लब धरून ठेवण्याची मात्रा, येतो. घेणाऱ्याच्या डाव्या हातात हे दोन्ही क्लब दोन मात्रांच्या अंतराने, पण वेगवेगळ्या उंचीवरून उतरतात. म्हणून पहिला हातात येण्याआधीच नजर वर न्यावी लागते. चौकोनाची बाजू अडीच मीटर घेतल्यास कर्ण सुमारे साडेतीन मीटरचा होतो. तेव्हा समोरचा सिंगल थोडा लांबवून, पण उंची न वाढवता द्यावा; तो वर चढला, तर डबलखालची मोकळी जागाच नाहीशी होते.

पुढच्या टप्प्यात कडेने फिरणाऱ्या दोन साखळ्याही याच आवर्तनात घालून ते १२ मात्रांचे करायचे आहे. त्या डबलच्या आधी ठेवाव्यात की नंतर, हे अजून ठरलेले नाही.