जागा सोडून बसा

आमच्या फोटो स्टुडिओची वाटचाल लिहायची तर सुरुवात 1983 पासून करायला हवी. पण आपल्या दुकानात इतकी वर्षं नेमकं काय काम चालायचं, ते मला 22 जुलै 2021 नंतर कळलं. म्हणून आधी ते.

त्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. आम्ही स्टुडिओच्या वरच्याच मजल्यावर राहतो. लाइट गेलेली, मोबाइलला रेंज नाही, आणि पाणी बघता बघता शटरच्या वर. कॅमेरे, लेन्स आणि कॉम्प्युटर मी आणि आईनं कसेबसे वर आणले. निगेटिव्हचे डबे राहिले. 2005 च्या 26 जुलैला पाणी काउंटरपर्यंत आलं होतं, त्यानंतर बाबांनी सगळे डबे पोटमाळ्यावर चढवले होते. तिथवर पाणी येणार नाही असं मी धरून चालले. या वेळी पाण्यानं पोटमाळाही सोडला नाही.

पाणी ओसरल्यावर गावात जिथं तिथं घोटाभर गाळ. लोटिस्मा वाचनालयातली पुस्तकं गेली, आमच्या रांगेतल्या कापडवाल्याचा सगळा माल गेला. त्यात माझे जुने डबे कोण विचारतो? मदतीला आलेल्या पोरांनी ते कचऱ्याच्या ढिगावर टाकायला उचललेही होते. आई ओरडली म्हणून थांबले.

निगेटिव्ह भिजली की घाईनं वाळवायची नाही, हे बाबांनी शिकवलं होतं. फिल्मवरचं जिलेटिन पाण्यानं फुगतं. तसंच एकावर एक वाळलं तर सगळ्याची एक वीट होते, ती पुन्हा सुटत नाही. म्हणून ओल्याच निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशव्यांत भरल्या आणि रस्ता मोकळा झाल्यावर पोफळीच्या बाजूला मामाकडे नेल्या. चिपळुणात तेव्हा प्यायला पाणी मिळेना, मामाकडे विहीर भरलेली. एकेक निगेटिव्ह सोडवायची, तीन बादल्यांतून काढायची, शेवटच्या बादलीत पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून वेटिंग एजंटचे दोन थेंब, मग कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला. पावसाळी हवा, काही वाळेना. मामी म्हणाली हेअर ड्रायर लावू. गरम हवा लागली की जिलेटिन वितळतं, म्हणून नुसता पंखा. सतरा दिवस मामाच्या माजघरात कपडे वाळत घालायला जागा नव्हती.

रंगीत निगेटिव्ह जवळजवळ सगळ्या गेल्या. एकावर एक रंगाचे थर असतात त्यांत, ते सुटले, कुठं जांभळे डाग, कुठं नुसतं पारदर्शक प्लास्टिक. ब्लॅक अँड व्हाइटनं मात्र तग धरला. बाबा हायपोनंतर, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनानंतर, तासभर वाहत्या पाण्यात रोल धुवायचे, पाणीपट्टी परवडत नाही म्हणून आई कुरकुरायची.

आता 1983. बाबा मुळात लालबागला एका स्टुडिओत डार्करूमला होते. गिऱ्हाईक बहुतेक गिरणी कामगार, कोकणातलेच. गावी बायकोला पाठवायला फोटो काढायचे, नवा शर्ट घालून, कधी स्टुडिओतलाच कोट चढवून. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि फोटो काढायला पैसा राहिला नाही कुणाकडे. वर्षभर वाट बघून बाबा गावाला परतले. मालकानं पगाराच्या थकबाकीपोटी एक वापरलेला याशिका मॅट कॅमेरा दिला. 120 चा रोल, बारा फोटो, वरून खाली बघून फोकस करायचा. त्या भांडवलावर बाजारपेठेत भाड्याचा गाळा घेतला.

मुंबईला जाणारे आता आखाताकडे जायला लागले होते. गोवळकोट, कालुस्ते, मिरजोळी, घराघरातनं एक तरी माणूस कुवेत नाहीतर सौदीला. त्यांच्या पासपोर्ट फोटोंवर आमचं घर चाललं. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं, अम्मानमार्गे एक लाखाहून जास्त भारतीय विमानानं परत आणले, त्यांत आपल्याकडचेही बरेच होते. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली माणसं दुकानात यायची. बाबा रजिस्टर उघडायचे, नंबर शोधायचे, जुन्या निगेटिव्हवरून नव्या कागदपत्रांसाठी फोटो काढून द्यायचे. त्या महिन्यात त्यांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत, असं आई सांगते. बाबांनी स्वतः ते कधी सांगितलं नाही, आणि रजिस्टरही पुरात गेलं.

पण आमची खरी ख्याती जोडफोटोची. नवरा कुवेतला, बायको इथं, मूल त्याच्या पाठीमागं झालेलं. तिघांचा एकत्र फोटो हवा. बाबा बायकोला आणि मुलाला स्टुलावर बसवायचे आणि म्हणायचे, "जरा जागा सोडून बसा." मग तिकडून फोटो मागवायचा. त्यासाठी सूचनांचा कागद असे, तो बायका एअरमेलच्या पाकिटात घालून पाठवायच्या. खिडकी डाव्या हाताला ठेवून उभे राहावे. मागे चादर लावावी. टोपी, काळा चष्मा नको. उजेड जुळला नाही तर जोड कितीही सफाईनं केला तरी माणूस चिकटवल्यासारखा दिसतो.

आलेल्या फोटोची कॉपी काढून निगेटिव्ह करायची. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र, त्याखाली कागद ठेवून आधी बायकोची निगेटिव्ह, रिकामी बाजू काळ्या कागदानं झाकलेली. मग लाल फिल्टर आडवा लावून, लाल उजेडात कागद बिघडत नाही, नवऱ्याचं डोकं नेमकं कुठं येतं ते जुळवायचं, झाकण उलट करायचं, दुसरं एक्स्पोजर. काळा कागद हातात किंचित हलता ठेवायचा, म्हणजे सांध्याची रेघ उमटत नाही. शेवटी बारीक ब्रशनं टचिंग. एकदा एक नवरा बायकोपेक्षा चार बोटं बुटका झाला. सासूनं फोटो परत आणला. बाबांनी तपासलं तर माप बरोबर होतं, तो होताच बुटका. तरी दुसरा करून दिला, उंच.

मामाकडून आणलेल्या निगेटिव्ह मी त्या दिवाळीनंतर स्कॅन करायला घेतल्या, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. गिऱ्हाइकानं नेलेल्या फोटोत तिघं असायची. आमच्या डब्यात राहिलेल्या निगेटिव्हमध्ये दोघंच. एक बाई कोपर जरा बाहेर काढून बसलेली, कुणाला तरी टेकल्यासारखी, आणि तिथं राखाडी पडदा. एक पोरगा वर बघून हसतोय, वर कुणी नाही. एकामागून एक अशा कितीतरी. मी सतरा वर्षं या दुकानात काम करत होते आणि डबा उघडून बघितला नव्हता.

त्यातच आमची निघाली. आई, दादा, मी. मी पाच वर्षांची असेन, फ्रॉकचा एक खिसा बाहेर आलेला. आईच्या उजव्या हाताला जागा सोडलेली. मला कळेना, ही कुणासाठी? आमच्यातलं तर कुणी तेव्हा परदेशात नव्हतं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, फोटो कोण काढत होतं?"

बाबांनी स्वतःला नंतर बसवलं होतं. भिंतीवरचा तो फोटो मी जन्मभर बघत आले, त्यात बाबा आमच्या शेजारी उभे आहेत. प्रत्यक्षात ते आठ फूट लांब, कॅमेऱ्याच्या काचेत मान घालून.

बाबा 2013 ला गेले. त्याआधीच मी धंद्यात होते. पुण्यात दोन वर्षं लग्नांच्या ऑर्डरी करून 2004 ला निकॉन डी 70 घेऊन परत आले, तेव्हा डार्करूम बंद करायची की नाही यावरून आमचं आठ दिवस बोलणं बंद होतं. डार्करूमच्या जागी पुढं प्रिंटर आला. करिझ्मा अल्बमच्या, म्हणजे पुस्तकासारख्या छापील लग्नाच्या अल्बमच्या दिवसांत पैसा बरा मिळाला, त्यातनं गाळा विकत घेतला. पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली आणि फोटो तिथल्या काउंटरवरच काढायला लागले, तो आधार गेला. आता परीक्षांचे फॉर्म भरणारी मुलं येतात. फोटो इतक्या केबीत, सही तितक्या केबीत. त्यात कला काही नाही, पण पावसाळ्यात दुकानाचं लाइट बिल त्यावर भागतं.

बाबा गेल्यावर एक अडचण झाली. लाइट लावला की तो कसा पडतो बघायला समोर कुणीतरी बसावं लागतं, तिथं आम्ही एकमेकांसाठी बसायचो. मग मी टायमर लावून स्वतःच बसायला लागले. महिन्याच्या एक तारखेला लाइट साफ करते, तेव्हा एक फ्रेम. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. हे फोटो पुसले नाहीत इतकंच, त्याला प्रकल्प वगैरे नाव नंतर लोकांनी दिलं. ऑगस्ट 2021 च्या फोटोत पडदा नाही. मागं भिंत आहे आणि माझ्या डोक्याच्या बरंच वर गाळाची रेघ.

दादा मस्कतला असतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, लग्नं बंद, तेव्हा मी रोज व्हिडिओ कॉलवर त्याचे फोटो काढले. मोबाइल स्टँडवर, खोलीत अंधार, कॅमेरा समोर. शटरचा वेग जास्त ठेवला की स्क्रीनवर पट्टे येतात, म्हणून कमी ठेवायचा आणि दादाला सांगायचं हलू नकोस. तो हलायचाच. शंभरेक फोटो झाले असतील, निम्मे बिघडलेले, आणि खरं सांगायचं तर त्यातले बिघडलेलेच बघवतात. चांगले आलेत ते नुसते मोबाइलचे फोटो वाटतात.

पुरानंतर, त्या निगेटिव्ह बघून, मी गिऱ्हाइकांना विचारायला लागले की तुमचा फोटो जागा सोडून काढू का, आणि ती जागा तशीच ठेवू का. पहिल्या वर्षात चौघं तयार झाली. बाकीच्यांनी अपशकुन म्हणून हात झटकले. एकानं तर विचारलं, गेलेल्या माणसाचे असतात ना असे फोटो? मला राग आला होता तेव्हा. पण कुटुंबाच्या फोटोत मुद्दाम रिकामी जागा ठेवा असं मी कॅमेऱ्याच्या या बाजूनं म्हणते, भिंतीवर तो त्यांना लावायचा आहे. आणि सुरुवातीचे माझे फोटो खोटेही होते. मी लोकांना उदास बसायला सांगत होते. बाबांच्या निगेटिव्हमधल्या बायका उदास नव्हत्या. त्यांच्या लेखी तो माणूस तिथं होताच, फक्त फोटोवाल्यानं नंतर बसवायचा होता. हे लक्षात आल्यावर मी सूचना देणं बंद केलं. आता म्हणते, तो कुठं उभा राहील ते तुम्ही ठरवा. मग भांडणं होतात. तो उंच आहे, मागं उभा राहील. नाही, त्याला आईच्या शेजारीच बसायचं असतं. त्या भांडणात मी फोटो काढते.

शोकेसमध्ये असे नऊ फोटो लावलेत, खाली बाबांच्या नऊ निगेटिव्हचे प्रिंट, ज्यांची माणसं सापडली त्यांना विचारून. गोवळकोटची एक चाची शोकेससमोर थांबली. तिचाच फोटो होता, 1988 चा. बराच वेळ बघून आत आली आणि म्हणाली, हा अर्धवट का लावलास? तुझ्या बापानं पूर्ण करून दिला होता. तिच्याकडचा फोटो पुरात गेला होता, नवरा त्याआधीच. तिनं पिशवीतनं त्याचं जुनं ओळखपत्र काढून दिलं. मी ते स्कॅन केलं, उजेड उलट्या बाजूचा होता तो फिरवला, आणि तिच्या कोपराशी त्याला बसवलं. फोटोशॉपमध्ये अर्धा तास लागला, बाबांना दोन दिवस लागायचे. पैसे घेतले, तिनंच घ्यायला लावले.

म्हणून दरपत्रकात आता दोन्ही आहे. जोडफोटो, जागा भरून. जोडफोटो, जागा ठेवून. दर एकच. महिन्याला भरून पाच-सहा होतात, ठेवून एखादा.

आमच्या घरचा यंदाचा अजून व्हायचाय. गणपतीला दादा येणार होता, रजा मिळाली नाही. मी आणि आई बसलो, जागा सोडली. आईला ती रिकामी ठेवलेली चालणार नाही, तेवढं ती म्हणाली. बाबांचा सूचनांचा कागद मी दादाला व्हॉट्सॲपवर टाकला, खिडकी डाव्या हाताला ठेवून उभे राहावे. त्याचा फोटो काल आला. खिडकी उजवीकडे, आणि डोळ्यांवर काळा चष्मा. परत काढ म्हटलं, तर म्हणतो ड्युटी सुटली की काढतो, तिकडं अजून साडेचारच वाजलेत.