लुशोटो आणि साडेबाराची बस : माझा अनुभव

लुशोटोहून परतताना माझी बस चुकली. महिना होऊन गेला, तरी त्या तिकीट खिडकीचा राग गेलेला नाही. गावाबद्दल मात्र एक अक्षर वाईट सांगणार नाही. टांझानियाला जाणाऱ्या प्रत्येकाने उसांबाराच्या डोंगरातलं हे गाव बघावं, फक्त परतीचं तिकीट हातात पडलं की आधी मी खाली लिहिलंय ते आठवावं.

जाताना काहीच त्रास झाला नाही. दादा दार-एस-सलामला असतो, त्याने तिकीट काढून बसमध्ये बसवून दिलं. मोंबोला हमरस्ता सुटतो आणि ३३ किलोमीटरचा घाट सुरू होतो. खाली घायपाताचे मळे, मध्ये सोनी नावाचं गाव, आणि वर पोचेपर्यंत अंगात स्वेटर. (जुलैत गेलात तर स्वेटर हवाच.) उंची साधारण १,४०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या जवळपास. जर्मनांचं राज्य होतं तेव्हा गावाचं नाव विल्हेल्मस्टाल होतं. तीन रात्री कशा गेल्या कळलं नाही.

परतीचं तिकीट मी आदल्या दिवशी स्टँडजवळच्या खिडकीवर काढलं. तिथल्या माणसाने पावतीपुस्तकात हाताने लिहून दिलं : हजर राहण्याची वेळ १२.००, सुटण्याची वेळ १२.३०. पुढे एक शब्द होता, ‘असुबुही’. मी विचारलं, ‘‘ट्वेल्व थर्टी?’’ तो म्हणाला, ‘‘येस, ट्वेल्व थर्टी.’’ त्याने माझ्यासमोर आकड्याखाली दोन रेघाही मारल्या.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकरालाच मी सामान घेऊन हजर. स्टँडवर कोबी-गाजरांची पोती चढवणं चाललेलं, माझी बस कुठेच नाही. खिडकीवर तोच माणूस. तिकीट बघून म्हणाला, गेली. केव्हा? सकाळी. मी १२.३० वर बोट ठेवलं, त्यानेही त्याच आकड्यावर बोट ठेवलं. असं तीन-चार वेळा झालं. शेवटी दादाला फोन लावला.

‘‘अगं, ते स्वाहिली साडेबारा! म्हणजे सकाळचे साडेसहा. मी सांगायला हवं होतं तुला.’’

तर हे नीट समजून घ्या. स्वाहिली या तिथल्या भाषेत दिवसाचे तास मध्यरात्रीपासून मोजत नाहीत, उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. दुपारचे बारा म्हणजे ‘सा सिता’, सहावा तास. विषुववृत्त जवळ असल्यामुळे बाराही महिने सूर्य साधारण सहा-साडेसहाच्या आसपास उगवतो आणि मावळतो, म्हणून ही मोजणी तिथे चपखल बसते. आणि आपल्याला ती परकी वाटायचं कारणच नाही. आपल्या जुन्या पंचांगात घटका-पळं सूर्योदयापासूनच मोजतात. माझे आजोबा तसंच वाचायचे. पद्धत सुंदर आहे, माझी तक्रार तिच्याबद्दल नाहीच. समोर परदेशी पासपोर्ट घेऊन उभी असलेली बाई इंग्रजीत वेळ विचारते आहे, हे दिसत असताना ‘सकाळी’ एवढा एक शब्द इंग्रजीत बोलायला त्या माणसाचं काय जात होतं? पैसे परत मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवसाचं नवं तिकीट काढावं लागलं, पूर्ण भाड्याचं.

म्हणून आकडा विचारूच नका. असुबुही (सकाळ), म्चाना (दुपार), जिओनी (संध्याकाळ), उसिकू (रात्र), यातलं कुठलं, ते विचारा. मग आकड्यात सहा मिळवा किंवा वजा करा. शेजारच्या चहावालीने याहून सोपं दाखवलं. तिच्या मनगटावरचं घड्याळ आपल्यासारखंच चालत होतं. तिने छोट्या काट्यावर नख ठेवलं आणि तिथून सरळ समोरच्या बाजूला ओढत नेलं. काट्यासमोर जो आकडा, तो स्वाहिली तास. तिने आल्याचा चहा दिला, ‘चाय’च म्हणतात, आणि चपातीला चपातीच.

हो, आणि वयस्कर माणूस भेटला की आधी ‘शिकामू’ म्हणा. ‘मराहाबा’ असं उत्तर येतं आणि चेहराच बदलतो. मला हे पहिल्या दिवशी माहीत असतं तर फार बरं झालं असतं.

अडकलेल्या त्या दुपारी मी इरेंटेच्या कड्यावर गेले. गावातून चालत दीडेक तास. वाटेत इरेंटे फार्मवर राय (rye) या धान्याचा पाव आणि चीज मिळतं, ते घ्याच. कड्याच्या टोकाला डोंगर एकदम संपतो, आणि खाली मासाई पठाराकडे पसरत गेलेली करडी सपाटी. जगभर कुंड्यांत लावतात ते आफ्रिकन व्हायोलेट मूळचं याच भागातलं, १८९२च्या सुमारास इथूनच त्याचं बी जर्मनीला गेलं. मला रानात ते दिसलं नाही. त्यासाठी वाटाड्या घेऊन एक पूर्ण दिवस ठेवा.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला स्टँडवर पोचले. अजून अंधार होता. चहावाली चूल पेटवत होती, मला बघून तिने मनगट वर केलं. मी म्हटलं, ‘‘सा कुमी ना म्बिली कसोरो रोबो.’’ म्हणजे पाव कमी बारा, पावणेबारा. तिने मान डोलावली आणि माझ्या पिशवीत दोन गरम मांदाझी (तळलेले गोडसर पाव) घातले. पैसे घेतले नाहीत. बस बरोबर साडेबाराला सुटली.