मेमरी गळते ती एररच्या वाटेवर

सी भाषेतल्या लायब्ररीत सगळं सुरळीत चाललं तर मेमरी सहसा गळत नाही, म्हणजे घेतलेली मेमरी परत करायची राहून जात नाही, कारण शेवटचं फ्री (मेमरी परत करणारं फंक्शन) सगळेच आठवणीने लिहितात. गळती असते मधल्याच एखाद्या ‘रिटर्न मायनस वन’पाशी, म्हणजे फंक्शन एरर कळवून मधूनच परततं तिथे.

झेडलिबने (डेटा दाबून लहान करणाऱ्या आणि परत उलगडणाऱ्या लायब्ररीने) डेटा उलगडणारं फंक्शन घ्या. आधी इन्फ्लेटइनिट, लूपमध्ये इन्फ्लेट, शेवटी इन्फ्लेटएंड. फाइल खराब निघाली की इन्फ्लेट डेटा एरर देतं, कोड तिथूनच रिटर्न होतो आणि इन्फ्लेटएंड राहून जातं. नेहमीच्या सेटिंगला 32 केबीची विंडो (नुकताच उलगडलेला डेटा जपणारी जागा) आणि वर साधारण 7 केबी, म्हणजे खराब फाइलमागे 40 केबीच्या आसपास. अखंड चालणाऱ्या सर्व्हरवर अशा हजार फाइली आल्या की 40 एमबी गेले.

चाचणीसाठी चांगल्या झेडलिब फाइलचा शेवटचा बाइट बदला. शेवटचे 4 बाइट अ‍ॅडलर-32 चेकसमचे (डेटा बरोबर आहे का ते पडताळणाऱ्या आकड्याचे) असतात, त्यामुळे डेटा पूर्ण उलगडून अगदी शेवटी एरर येते. उलगडलेला डेटा आउटपुट बफरपेक्षा बराच मोठा हवा. एका दमात संपणाऱ्या फाइलला विंडो लागतच नाही, आणि गळती आहे त्याहून लहान दिसते.

डीबग माहितीसह कंपाइल करून व्हॅलग्रिंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) चालवा, लीक-चेक ‘फुल’ ठेवून. झेड-स्ट्रीम, म्हणजे झेडलिबच्या फंक्शनांना द्यायचं स्ट्रक्चर, स्टॅकवर (फंक्शन संपताच जाणाऱ्या जागेत) असेल तर तिची आतली स्टेट ‘डेफिनेटली लॉस्ट’मध्ये (पत्ताच उरला नाही अशा मेमरीत) दिसते आणि विंडो ‘इनडायरेक्टली लॉस्ट’मध्ये (जिचा पत्ता हरवलेल्या मेमरीतच आहे). विंडोच्या मागे लागू नका. ती स्टेटच्या पोटातली आहे, इन्फ्लेटएंड दोन्ही सोडतं.

दुरुस्ती अशी: झेड-स्ट्रीमचं स्ट्रक्चर सुरुवातीलाच मेमसेटने शून्य करा, आउटपुट पॉइंटर (बफरचा पत्ता ठेवणारा) नल म्हणजे रिकामा ठेवा, आणि प्रत्येक एररवरून गोटूने (कोडमध्ये थेट उडी मारणाऱ्या सूचनेने) एकाच क्लीनअप लेबलवर या, जिथे इन्फ्लेटएंड आणि फ्री असतील. गोटू वाईट हा नियम इथे लावू नये. सीमध्ये यापेक्षा स्वच्छ मार्ग नाही. फ्रीला नल चालतो, आणि शून्य केलेल्या स्ट्रक्चरवर इन्फ्लेटएंड फक्त स्ट्रीम एरर देऊन परततं.

आउटपुट बफर वाढवताना रिअ‍ॅलॉकचं (मेमरीचा ब्लॉक मोठा करणाऱ्या फंक्शनचं) उत्तर त्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका. जागा मिळाली नाही तर नल येतो, जुना ब्लॉक तसाच राहतो आणि त्याचा पत्ता पुसला जातो. आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या, तपासा, मगच बदला.

ती खराब फाइल टेस्टमध्ये कायमची ठेवा. व्हॅलग्रिंडचा एरर-एक्झिटकोड (चूक सापडल्यावर त्याने परत द्यायचा आकडा) 1 करायला विसरू नका. मुळात तो 0 असतो, त्यामुळे गळती सापडूनही बिल्ड हिरवाच, म्हणजे पास झालेलाच, राहतो.