तुम्ही विचारलंत म्हणून : दुबईचं गोदाम आणि आपलं बंदर

लग्नाच्या पंगतीत, पनवेलच्या एसटी स्टँडवर, पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, ऑफिसात चहा घेताना, कुठेही भेटलो की एक प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही दुबईला होतात ना? मग सांगा, तिथल्या जेबेल अलीसारखं मुक्त बंदर आपल्याकडे केलं तर देशाचा व्यापार वाढेल की नाही?" ऑगस्ट 2024मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून तर हे फारच विचारलं जातं. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदा बसून लिहितो.

मी 2003 ते 2012 जेबेल अलीच्या फ्री झोनमधल्या एका गोदामात नोकरी केली. परत आल्यापासून न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगचं, म्हणजे कस्टममधून माल सोडवण्याचं, काम करतो. दोन्ही किनाऱ्यांवर कंटेनरचं दार उघडताना मी जवळ उभा राहिलो आहे. जे सांगतो ते तिथून दिसलेलं.

मुक्त बंदर म्हणजे काय, ते गोदामातूनच बघा. शांघायहून चाळीस फुटी कंटेनर यायचा. आत मोटारींचे ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर, क्लच प्लेट. सील तोडलं की तापलेल्या पत्र्याचा आणि पुठ्ठ्याचा वास अंगावर यायचा. एक बांगलादेशी पोरगा आत शिरून पेट्या बाहेर द्यायचा आणि मी पॅकिंग लिस्ट घेऊन दाराशी. ही मोंबासाची, ही उम्म कस्रची, या चार बर्बेराच्या, या आठ जिबुतीच्या, यांना फ्रेंच स्टिकर लावा. संध्याकाळपर्यंत एका कंटेनरचे सहा-सात ढीग पॅलेटवर चढायचे, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं की माल पुढच्या जहाजाला तयार. या सगळ्यात ड्यूटीचा, म्हणजे आयातीवरच्या जकातीचा, एक दिरहमही भरावा लागत नव्हता, कारण कायद्याच्या हिशेबाने माल देशात शिरलेलाच नव्हता. एखादी पेटी दुबई शहरात, देऱ्यातल्या दुकानात न्यायची झाली तरच 5 टक्के भरायचे.

मग दुबईला मिळालं काय? क्रेनचं भाडं, गोदामाचं भाडं, लायसन्सची फी, जहाजांचा राबता, त्यामागून आलेल्या बँका, विमा कंपन्या, हॉटेलं. मिळालं, आणि भरपूर मिळालं. पण त्यांनी सोडलं काय, हेही मोजायला हवं. ब्रेक पॅड बनवणारा फारसा कुणी कारखानदार तिथे नव्हता, की ज्याला स्वस्त आयातीपासून सांभाळायचं होतं. गावातलं गिऱ्हाईकही मोजकं. 1985मध्ये फ्री झोन काढला तेव्हा ड्यूटी माफ करणं त्यांना जड गेलं नाही.

आणि त्यांना ही विद्या जुनी होती. 1900च्या सुमारास समोरच्या इराणच्या किनाऱ्यावर लिंगेह नावाचं भरभराटीचं बंदर होतं. इराणने तिथे जकातीची वसुली कडक केली, दुबईच्या शेखांनी आपल्याकडची जकात काढून टाकली आणि लिंगेहचे व्यापारी बिऱ्हाड उचलून दुबईच्या खाडीकाठी आले. इराणातल्या बस्तक गावच्या लोकांनी वसवलेली बस्तकिया वस्ती आजही तिथे आहे. सुटीच्या दिवशी मी तिथल्या गल्ल्यांतून हिंडायचो. मुक्त बंदराचा बराचसा धंदा शेजाऱ्याने बांधलेल्या भिंतीवर चालतो, हे मला तिथे कळलं.

ती भिंत आपलीही होती. साठ-सत्तरच्या दशकांत दुबईत सोनं उघड, कायदेशीर विकत मिळायचं. आपल्याकडे 1968चा सुवर्ण नियंत्रण कायदा. तिथून निघालेलं सोनं रात्रीच्या अंधारात आपल्या किनाऱ्यावर उतरायचं. लाँचींच्या आणि सोन्याच्या बिस्किटांच्या गोष्टी कोकणातल्या म्हाताऱ्यांकडून तुम्हीही ऐकल्या असतील. 1990मध्ये तो कायदा गेला, पुढे आयात खुली झाली आणि त्या चोरट्या धंद्याचा कणाच मोडला. दुबईच्या कमाईतला तो वाटा आपल्याच धोरणाने तिला मिळवून दिला होता.

म्हणून देश लहान असेल, जहाजांच्या वाटेवर असेल, शेजाऱ्यांच्या जकाती चढ्या असतील आणि माल सोडवण्यात तो सगळ्यांपेक्षा चपळ असेल, तर मुक्त बंदर त्याला नक्की तारतं. सिंगापूरचं 1819पासून असंच चाललं आहे.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. आमच्या गोदामात दुबईचा एकही माणूस नव्हता. सुपरवायझर मल्याळी, फोर्कलिफ्टवर पेशावरचा पठाण, लोडिंगला बांगलादेशी, हिशेबाला मी. नोकरी गेली की व्हिसा गेला. म्हातारपणी आम्हाला सांभाळायची जबाबदारी त्या देशावर नव्हती. आमच्या पगारातला मोठा भाग दर महिन्याला केरळला, चितगावला आणि उरणला येत होता. हा हिशेब आपल्याला लावता येत नाही. इथल्या बंदरावर राबणारा माणूस इथलाच, मतदार, बहुतेक वेळा ज्याची जमीन गेली त्याच्याच घरातला.

"आपण कधी करूनच पाहिलं नाही," असंही ऐकतो. हे खरं नाही. कांडल्याचा मुक्त व्यापार विभाग 1965चा, आशियातला पहिला, जेबेल अलीच्या वीस वर्षं आधीचा. अंधेरीचं सीप्झ, म्हणजे निर्यातीच्या मालाचा तसाच विभाग, 1973चं. आधी इलेक्ट्रॉनिक्ससाठी काढलं, पुढे तिथे दागिन्यांचं काम फोफावलं. ते मला मनापासून पटतं. बाहेरून सोनं आणि हिरे येतात, ड्यूटीशिवाय आत जातात, आपल्या कारागिरांच्या हाताखालून दागिना होऊन बाहेर निघतात. मधली किंमत त्या हातांची. हिरा कोंदणात बसवताना भिंग लावून वाकलेली माणसं मी तिथे पाहिली आहेत. त्या टेबलावर ड्यूटीची माफी सार्थकी लागते.

2005च्या सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या, कायद्यानंतर मात्र गाडी रुळावरून घसरली. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा 2014चा अहवाल सांगतो की सुमारे 45,600 हेक्टर जमीन सेझसाठी अधिसूचित झाली आणि काम सुरू झालं ते 28,500 हेक्टरच्या आसपास. शिवाय जे ऑफिस शहरात चालत होतं तेच करसवलतीसाठी सेझच्या कुंपणात उभं राहिलं, असंही बरंच झालं. त्याने निर्यातीचा आकडा एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेला, व्यापार तेवढाच राहिला.

जमिनीचं तर आम्ही रायगडकरांनी जवळून पाहिलं. पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतली हजारो हेक्टर जमीन एका सेझसाठी घ्यायची होती. 21 सप्टेंबर 2008ला, रविवारी, पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. मी तेव्हा सुटीवर आलो होतो. रांगेत एक आजी होत्या, नऊवारीचा पदर डोक्यावर, हातात सातबाऱ्याची घडी. घडी इतक्या वेळा उघडलेली की कागद दुमडीवर फाटला होता. "धरणाचं पाणी आत्ता कुठं शेताच्या वाटेला लागलंय, आणि म्हणं जमीन द्या," त्या म्हणाल्या. तो प्रकल्प पुढे उभा राहिला नाही. जे मुक्त बंदराची मागणी करतात त्यांनी त्या आजींना आधी उत्तर द्यावं, असं मला आजही वाटतं. वाढवणच्या मच्छीमारांनाही.

मग काहीच करू नये का? करावं, पण कुंपण घालून नव्हे. आपल्याकडे परदेशी माल ड्यूटी न भरता बाँडेड गोदामात ठेवता येतो. ठेवताना इन-बाँड कागद करा, लागेल तसा एक्स-बाँड करून, म्हणजे ड्यूटी भरून, सोडवा. पण 90 दिवसांनंतर ड्यूटीवर वर्षाला 15 टक्के व्याज चढतं. जेबेल अलीत माझ्या डोळ्यांसमोर तीन-तीन वर्षं पडून असलेला माल होता, त्याला फक्त भाडं लागायचं. 2019मध्ये एक मोठी सुधारणा झाली. कुठलाही कारखाना, मग तो चाकणला असो की वाळूजला, बाँडेड म्हणून नोंदवून परदेशी कच्चा माल ड्यूटी थांबवून वापरता येतो, आणि त्यावर व्याजही नाही. त्यासाठी कुणाचं शेत घ्यावं लागत नाही. सेझचा माल देशात विकायचा तर एरवी परदेशी मालासारखी पूर्ण ड्यूटी लागत आली आहे, आणि तोच माल मुक्त व्यापार करार असलेल्या देशातून आला तर कित्येकदा कमी ड्यूटीत सुटतो. ही गाठ सोडवली तरी पुष्कळ होईल. त्यात माल झटपट सुटावा, नियम दर बजेटला बदलू नयेत. पार्टी माझ्याकडे माफीपेक्षा याच दोन गोष्टी जास्त मागतात.

भिवंडीचे एक व्यापारी माझे जुने गिऱ्हाईक आहेत. तैवानची हत्यारं मागवतात, ड्रिल बिट, पाने, टॅप. साठा जेबेल अलीत ठेवतात आणि ऑर्डर आली की तिथून थोडा थोडा आणतात. गेल्या वर्षी मी त्यांच्यासमोर कागद घेऊन बसलो. पनवेलजवळच्या वेअरहाउसिंग झोनमध्ये ठेवलं तर भाडं किती, इथून नैरोबीला पाठवलं तर जहाज किती दिवसांनी, दुबईहून परत आणायचं भाडं किती वाचतं, सगळं मांडलं. शेठनी दोनदा बेरीज करून पाहिली. म्हणाले, "हिशेब बरोबर आहे तुमचा. पण तिथे मी फोन केला की माल दुसऱ्या दिवशी गेटबाहेर असतो. इथे तसं होईल याची जबाबदारी तुम्ही घेता?"

एका कंटेनरची मी घेतली. तो इकडे आला. त्यांचे बाकीचे तीन अजून जेबेल अलीतच आहेत.