तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रीनवूडचा धडा

नाशिकहून, पुण्याहून फोन आला की हा प्रश्न हमखास येतो: "तुमच्या अमेरिकेत शाळेत वर्णद्वेषाबद्दल शिकवण्यावरून एवढं रान का पेटलंय? झालं गेलं ते पोरांपुढे कशाला उकरून काढायचं?"

मी ओक्लाहोमा राज्यात, टल्सा शहरात राहते. इथल्या ग्रीनवूड अ‍ॅव्हेन्यूवर चालताना फुटपाथमध्ये बसवलेल्या धातूच्या छोट्या पाट्या दिसतात. प्रत्येक पाटीवर एकेका धंद्याचं नाव, खाली '1921 मध्ये उद्ध्वस्त', आणि त्याखाली 'पुन्हा सुरू' किंवा 'पुन्हा सुरू झालं नाही'. कृष्णवर्णीयांची ही भरभराटीची वस्ती गोऱ्या जमावाने 31 मे आणि 1 जून 1921 ला जाळली. हजारावर घरं गेली. मृतांचा सरकारी आकडा 36 होता, इतिहासकारांचा अंदाज 300 पर्यंत जातो. पुढे कित्येक दशकं इथल्या शाळांत कुणी याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मे 2021 मध्ये, म्हणजे शताब्दीच्याच महिन्यात, गव्हर्नर केव्हिन स्टिट यांनी हाउस बिल 1775 वर, म्हणजे शाळेत वंशाबद्दल काय शिकवायचं नाही हे सांगणाऱ्या कायद्यावर, सही केली. शाळांत 'क्रिटिकल रेस थिअरी' नको, असं कारण दिलं गेलं. वर्णद्वेष फक्त माणसांच्या मनात नसतो, कायद्यांत आणि संस्थांतही मुरलेला असतो, असं मांडणारी ही थिअरी डेरिक बेल, किंबर्ले क्रेनशॉ अशा कायद्याच्या प्राध्यापकांची. चौथीच्या वर्गाशी तिचा काय संबंध? पण 2020 नंतर वर्णद्वेषाच्या कुठल्याही धड्याला तेच लेबल लागलं, आणि टेक्सास, टेनेसी, फ्लोरिडा अशा राज्यांत कायदे झाले.

समर्थक म्हणतात, ग्रीनवूड शिकवायला बंदी नाही. खरं आहे, ते राज्याच्या अभ्यासक्रमातच आहे. एखाद्या गोऱ्या पोराला 'तू जन्मानेच दोषी' असं कुणी सांगू नये, हेही मला मनापासून पटतं. पण जरा शिक्षिकेच्या जागी उभं राहून बघा. वंशामुळे कुणाला अस्वस्थ किंवा अपराधी वाटायला हवं, असं शिकवायचं नाही, म्हणतो कायदा. मोडला तर लायसन्सवर गदा. 2022 मध्ये शिक्षकांच्या एका प्रशिक्षणावरून राज्य शिक्षण मंडळाने टल्साच्या शाळांचा मान्यता-दर्जा खाली आणला. आता "त्या लोकांनी असं का केलं?" म्हणून एखाद्या मुलीने वर्गात विचारलं, तर बाई किती सांगतील? तारखा सांगून धडा उरकतील. जळालेल्या घरांबद्दल ऐकून पोर अस्वस्थ झालं, तर त्याच्या मनाची जडणघडण नीट चालली आहे असं मी समजते. त्या अस्वस्थतेलाच अपराधीपणाच्या रांगेत बसवलं, इथे माझा विरोध आहे.

हे परक्यांचं भांडण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी कॅलिफोर्नियाचं सांगते. 2005-06 मध्ये तिथल्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांत जातीबद्दलचा मजकूर बदला, अशी मागणी काही हिंदू संघटनांनी केली. आमच्या मुलांना वर्गात मान खाली घालावी लागते, हे कारण. दलित संघटना आणि बरेच अभ्यासक विरोधात उभे राहिले. 2016 मध्ये पुन्हा तोच वाद. त्या आईवडिलांची काळजी मला कळते. वर्गात एकच भारतीय मूल असलं की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. पण ज्याच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, असंही मूल त्याच वर्गात बसलेलं असू शकतं. त्याने पुस्तकात काय वाचायचं?

आणि 'तुमच्या अमेरिकेत' तरी कसं म्हणायचं? जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना.

टल्साच्या ओकलॉन दफनभूमीत 2020 पासून 1921 च्या मृतांचा शोध चालू आहे. 2024 मध्ये तिथल्या एका बेनाम कबरीतल्या माणसाची ओळख पटली: सी. एल. डॅनियल, पहिल्या महायुद्धात सैन्यात असलेला तरुण. त्याची गोष्ट कितव्या इयत्तेत सांगायची, यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे. सांगायची की नाही, यावर नाही.