अंधारातलं ‘ट्टॉक’

आज लेकीला आणि भाच्याला घेऊन पुस्तकांच्या दुकानात गेले. एक नऊ वर्षांची, दुसरा अकराचा. दोघांनाही धरून ठेवेल अशी साहसकथा हवी होती. मी तिथेच उभ्या उभ्या प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान हळू आवाजात वाचत होते. पोरांची नजर भिरभिरली की पुस्तक परत फळीवर. चार-पाच जाडजूड, चकचकीत पुस्तकं अशीच गेली.

मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हाती आला. फुरसुंगीचा किडकिडीत बनेश, सायकलवर सुसाट सुटणारा. त्याच्याकडे जादूबिदू काही नाही. आहे ती तीक्ष्ण नजर, धिटाई आणि जीभ टाळूला लावून काढलेलं ते ‘ट्टॉक’. या वयाला असाच नायक हवा, ज्याच्या जागी स्वतःला ठेवून बघता येतं. मला तरी तसंच वाटतं.

रात्री गादीवर लोळत वाचायला घेतलं. भाच्याने मध्येच थांबवलं, “मावशी, फुरसुंगी म्हणजे हडपसरच्या पुढची? आपण सासवडला जातो तिकडची?” हो रे, तीच! त्याचा चेहरा असा काही फुलला!

साडेदहाला दिवा मालवला. लेकीची जीभ टाळूला चिकटून नीट सुटत नाहीये, पण अंधारात तिचं ‘ट्टॉक, ट्टॉक’ अजून चालू आहे.