गुरूच्या खुनाचा बदला, तोही नीट घेता येईना

काल रात्री विश्रामबागला मित्राच्या रूमवर भडंग खात हाँगकाँगचा एक जुना कुंग फू पिक्चर बघितला, १९७३ ला ब्रूस ली गेल्यावर त्याच्यासारखे दिसणारे हिरो घेऊन स्वस्तात जे ढीगभर पिक्चर काढले त्यातलाच, गुरूला मारलं म्हणून चेला बदला घ्यायला निघतो एवढीच स्टोरी. पण फायटिंग बघून जीव तुटला. लाथ छातीपासून वीतभर लांबनं जाते आणि धाडकन आवाज आधीच येतो. कॅमेरा बाजूला लावला की हे अंतर दिसणारच, मारणाऱ्याच्या पाठीमागनं घेतला असता तर झाकलं असतं, त्याला काय जास्तीचे पैसे लागत नाहीत. आमच्या सांगलीत तालमीतली पोरं मातीत कशी पडतात ते लहानपणापासनं बघितलंय, त्यामुळं खोटं पडणं लगेच कळतं. हिरोची मेहनत मात्र खरी होती, शेवटच्या फाईटला त्याच्या हाताची सालटी निघालेली दिसतात, त्याच्यासाठी लई वाईट वाटलं.